नजीरभाईंच्या रेडिओचा हिरवा डोळा

नाशिक, भद्रकाली
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

आदरणीय विहीणबाई श्रीमती सुलाबाई दरेकर, विंचूर, यांना हिरामण बोरस्ते याचा उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार. (आत या म्हणालात तर येईन, तोवर बाहेर चपला काढून उभा आहे असं समजावं.) आमचं इकडे वयाच्या मानानं बरं चाललंय. माझा उजवा गुडघा कामातून गेला आणि सविताच्या आईचा डावा. दोघांचे मिळून दोन चांगले उरलेत, तेवढ्यावर घर चालतं. तुमचा खोकला कसा आहे? खळ्यावर कांदा निवडायला बसू नका असं किशोरराव दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी तुम्ही बसता. तुमचा हात फिरल्याशिवाय कांद्यालाही बरं वाटत नसेल, त्याला कोण काय करणार. पण अडुळसा घेत जा. सविता सुखात आहे हे फोनवरच्या तिच्या आवाजावरून कळतं, आणि त्यात तुमचा वाटा केवढा, ते आम्ही दोघं जाणून आहोत. ही खुशामत नाही. (थोडी आहे. पुढचा मजकूर अवघड आहे.)

एक विनंती आधीच करतो. हे पत्र सवितेकडून वाचून घेऊ नका. भिंग घ्या आणि स्वतः वाचा, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. फोन का केला नाही, असं विचाराल. फोनवर तुमच्यासमोर माझं बोलणं होत नाही, हे लग्नाच्या बैठकीपासून सगळ्यांना ठाऊक आहे. पत्रात समोरच्याला मधे बोलता येत नाही, एवढाच माझा फायदा.

आता आरोपाचं बघतो. मंगळवारी मी विंचुरात आलो होतो, हे खरं. तिथल्या त्या वाईनच्या हॉटेलात गेलो होतो, हेही खरं. माझ्या हातात उंच दांड्याचा काचेचा पेला होता, त्यात लाल काहीतरी होतं, मी स्टुलावर चढलो होतो आणि माझं डोकं भिंतीवरच्या एका रेडिओत होतं. इथपर्यंत तुमच्या शेजारच्या लंकाबाईंची साक्ष अक्षर न् अक्षर बरोबर आहे. त्या तिथे झाडांना पाणी घालायला जातात हे मला माहीत असतं, तर मी निदान टोपी तरी सरळ केली असती. पण या चार खऱ्या गोष्टी एका पातेल्यात घालून त्यांनी जी भाजी शिजवली (‘सुलाबाई, तुमचं व्याही लय पिऊन व्हतं, भिताडाशी बोलत व्हतं!’) ती माझी नाही. आणि शेवटी तुम्ही सवितेला म्हणालात की, ‘व्याही गावात येऊन पिऊन जातात अन् घरी यायला लाजतात.’ यातला लाजण्याचा भाग मात्र तुम्ही बरोबर ओळखलात. कशाला लाजलो ते सांगायला पत्र लिहितोय. पण ते सरळ सांगता येत नाही, म्हणून जरा लांबून येतो.

नजीरभाई तुम्हाला आठवत असतील. किशोररावांचा लग्नाचा सूट शिवला होता ते, माझ्या दुकानाशेजारचे टेलर. त्यांचं दुकान आणि माझं दुकान यांत एकच भिंत होती, आणि तिलाही वरच्या बाजूला एक भोक होतं. (ते मीच वायर न्यायला पाडलं होतं. पुढे त्यातून वायर कमी आणि सुई, बिडी, अडकित्ता हेच जास्त जायचं.) मी सातवी पास. रेडिओ शिकलो तो उघडून बघून, आणि हात नको तिथे लावून. कोणत्या वायरीत करंट आहे हे मला पुस्तकातून नाही, कोपरापर्यंत समजलेलं आहे. पण भद्रकालीत माझं नाव होतं. त्या काळचे ते काचेच्या दिव्यांचे, म्हणजे व्हॉल्वचे रेडिओ. बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही. आधी आत नारिंगी उजेड लागायचा, तापलेल्या धुळीचा खमंग वास सुटायचा, मग कुठूनतरी लांबून, नळाला पाणी येण्याआधी येतो तसा, घूंऽऽ करत आवाज वर चढायचा. तेवढा मिनिटभर सगळं घर गप्प. आता मोबाईलला बोट लावलं की गाणं सुरू होतं, त्यामुळे माणसांना गप्प बसायची सवयच राहिली नाही.

नजीरभाईंकडे एक मोठा लाकडी रेडिओ होता, हिरव्या डोळ्याचा. हा डोळा म्हणजे काय, ते तुम्हाला मी काय सांगावं? पण पत्राची रीत म्हणून सांगतो. काचेची एक जाडशी नळी, तिच्या तोंडावर हिरवा उजेड, आणि त्या हिरव्यात एक काळी फट. काटा स्टेशनापासून लांब असला की फट रुंद, स्टेशन नीट लागलं की फट मिटत मिटत सगळा डोळा हिरवागार. धंद्यात त्याला मॅजिक आय म्हणायचे, गिऱ्हाईक नुसतं डोळा म्हणायचं. नजीरभाई पाय मशीनवर, हात कापडावर आणि नजर त्या डोळ्यावर ठेवून पँटी शिवायचे, आणि शिलाई कधी वाकडी गेली नाही. ब्लाउजाचं माप द्यायला आलेल्या बायकांची पोरं त्या डोळ्यासमोर तोंड उघडी टाकून उभी राहायची. त्यांची हुस्नबानो भाभी त्या डोळ्याला सौतन म्हणायची. ‘मेरी तरफ कभी इतना देखे हो?’ असं ती भिंतीपलीकडून ओरडली, की मी इकडे सोल्डरची कांडी बाजूला ठेवून हसून घ्यायचो.

तर १९८८ साली, आपल्या मुलांच्या लग्नाच्या सुमारास, तो डोळा गेला. (कसा गेला ते पुढे.) रेडिओ वाजत राहिला, कारण डोळ्यावाचून रेडिओचं अडत नाही, तो नुसता बघतो. पण समोर सुपारीएवढं काळं भोक राहिलं. दोन महिने नजीरभाईंनी ते भोक सहन केलं आणि मग एक दिवस त्यात ओव्हरकोटाचं मोठं हिरवं बटण ठोकून बसवलं. चार छिद्रांचं. तेव्हापासून आजपर्यंत तो रेडिओ बटणाचा डोळा लावून बसलाय. त्यांची नात रिदा लहान असताना ते बटण दाबून रेडिओ बंद करायला बघायची. आणि दर ईदेला शीरखुर्म्याची वाटी माझ्यापुढे ठेवून नजीरभाई एकच प्रश्न विचारायचे, ‘हिरामणभाऊ, आँख मिली क्या?’ मी म्हणायचो, ‘शोधतोय. ओरिजनल मिळत नाही.’ ते म्हणायचे, ‘मिलेगी, मिलेगी. घाई कशाला?’ असे छत्तीस शीरखुर्मे झाले, विहीणबाई. एकही मला धड गोड लागला नाही.

आता घाई आहे. नजीरभाई नाशिक सोडून चाललेत. भाभी गेल्याला दोन वर्षं झाली, एकट्यानं राहायचं वय नाही. येत्या पंचवीस तारखेला मुलगा भिवंडीहून गाडी घेऊन येणार. सामान काय न्यायचं म्हणून रिदानं विचारलं, तर म्हणाले, मशीन आणि रेडिओ. मशीन ठणठणीत आहे. रेडिओ ते बटण लावून भिवंडीला जाणार, आणि तिथे कुणी विचारलं की हे काय, तर सांगणार की माझा दोस्त रेडिओचा मोठा मिस्त्री होता. हे माझ्याच्यानं ऐकवणार नाही, म्हणून मी गेल्या महिन्यात भरल्या गल्लीत सांगून बसलो की पंचवीस तारखेच्या आत ओरिजनल डोळा आणून बसवतो. नजीरभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘ओरिजनल?’ मी म्हणालो, ‘ओरिजनल.’

आधी घरातच शोधलं. माझे खोके तुम्ही पाहिलेले नाहीत. दुकान बंद केलं तेव्हाचे अकरा खोके माळ्यावर आहेत. सविताची आई त्यांना ‘तुमच्या रेडिओच्या अस्थी’ म्हणते आणि गोदा इतकी जवळ असून मी त्या सोडत कशा नाही, म्हणून दर दिवाळीला विचारते. त्यांत डायलच्या दोऱ्या निघाल्या, बटणं निघाली, एक दाताची कवळी निघाली (कुणाची ते कळलं नाही, माझी नाही), पण डोळा निघाला नाही. मग बाजारात गेलो. जिथे व्हॉल्व मिळायचे त्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकतात. गल्ल्यावर बसलेल्या माणसानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, ‘काका, घरी कुणी आहे का तुमचं?’ माणूस चांगला होता. रिक्षापर्यंत सोडायला आला.

मग आपली नात निकिता. तिनं पुण्याहून फोनवर फोटो मागितला, आणि दहा दिवसांत पार्सल हजर. आत खरोखर डोळा! रशियाचा. खोक्यावर उलटीसुलटी अक्षरं. मी तो उजेडाकडे धरून बघितला, विहीणबाई. इतक्या वर्षांनी तसली काच हातात आली. सविताच्या आईनं नाकावर चष्मा चढवून तो निरखला आणि म्हणाली, ‘याला मराठी कळेल का?’ तिचं बोलणं हसण्यावारी नेलं, पण त्याच्या बुडाचे पाय निराळे निघाले. नजीरभाईंच्या रेडिओच्या खोबणीत ते बसेनात. पाय वाकवून बसवता आले असते, पण मी मिस्त्री आहे, लोहार नाही. आणि मी शब्द दिला होता ओरिजनलचा. रशियाचा डोळा आता आमच्या देव्हाऱ्याशेजारी आहे. निकिताला सांगू नका, तिला वाटतंय तो लागला.

मग मालेगाव. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट झाली, तेव्हापासून आम्ही म्हातारे टोळासारखे फिरतो. भंगार बाजारात मुन्ना नावाचा एक व्यापारी आहे, त्याचा बाप माझ्याकडून जुने ट्रान्सफॉर्मर घ्यायचा. मुन्नानं चहा पाजला, वडिलांची आठवण काढली, आणि डोळा म्हटल्यावर आत जाऊन मूठभर माल घेऊन आला. त्यात ट्रॅक्टरच्या बाजूच्या लाइटची काच होती, खेळण्यातल्या वाघाचे दोन डोळे होते आणि एक खरी काचेची गोटी. म्हणाला, ‘चाचा, इसमें से कोई भी लगा दो. अब कौन देखता है?’ मी म्हणालो, ‘बाबा, ज्याचा आहे तो बघतो ना.’ यावर तो खरं ते बोलला. जुने लाकडी रेडिओ आता भंगारात येतच नाहीत, हॉटेलवाले शोभेला उचलतात. गेल्या वर्षी त्यानंच तीसेक रेडिओ एका हॉटेलला दिले होते. कुठल्या? तर विंचूरच्या, वाईनच्या.

असा मी मंगळवारी तुमच्या गावात आलो. ते हॉटेल तुम्ही आतून बघितलं नसेल. एक अख्खी भिंत रेडिओंची आहे. दारात पाय ठेवला आणि माझे डोळे भरून आले, खोटं सांगत नाही. कुणाच्या ओसरीवरचा, कुणाच्या सलूनमधला, कुणी कांद्याचे भाव ऐकलेला, कुणी निकाल ऐकलेला, सगळे एकावर एक चढवून गप्प बसवलेले. त्यातले दोन तर मी माझ्या हातानं दुरुस्त केलेले ओळखले. (पाठीमागे माझी खूण असते, खिळ्यानं काढलेला ‘हि’.) वरच्या रांगेत एक दिसला हिरव्या डोळ्याचा. मी तिथल्या पोरीला म्हणालो, बाई, मला तो मागून बघू दे. ती गोड होती, पण म्हणाली, आजोबा, फक्त गिऱ्हाइकांना आत बसता येतं. मग गिऱ्हाईक व्हायला काहीतरी मागवणं आलं. मी द्राक्षाचा रस मागवला. रस, विहीणबाई, नुसता रस! शपथ घ्यायची तर सविताच्या आईची घेतो, तिनं घरी आल्यावर माझ्या तोंडाचा वास घेऊन खात्री केलेली आहे. तो रस त्यांनी त्या दांड्याच्या पेल्यात दिला, त्याला मी काय करू? पेला ठेवायला जागा नव्हती म्हणून तो हातात, स्टूल होतं म्हणून त्याच्यावर मी, आणि मागची फळी सैल होती म्हणून डोकं आत. आत बघतो तर काय, व्हॉल्व नाहीत, स्पीकर नाही, काही नाही. कागदी रुमालांच्या गड्ड्या भरून ठेवलेल्या. आणि डोळा? काचेच्या तुकड्याला मागून हिरवा ऑइलपेंट. मी त्या पोकळ पेटीत तोंड घालून म्हणालो, ‘काय रे तुझी दशा केली यांनी.’ लंकाबाईंनी ऐकलं ते एवढंच वाक्य.

तिथून निघालो तो तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. तुमच्या दारातली तुळस दिसत होती. आणि माघारी फिरलो. एसटी लागली होती म्हणून नव्हे. एसटी पाऊण तासानं आली.

कारण तिथे उभं राहिल्यावर मला एकदम बैठक आठवली. तुमच्या ओसरीवर दोन्हीकडची माणसं बसली होती, देण्याघेण्याचं बोलणं निघालं, आणि तुम्ही आतून दारात येऊन म्हणालात, ‘आम्हाला सोनंनाणं काही नको. पण रेडिओवाल्याची लेक करतोय, तर रेडिओ तेवढा डोळ्याचा द्या.’ माणसं हसली. टेपरेकॉर्डरच्या जमान्यात ही बाई डोळ्याचा रेडिओ मागते म्हणून. पण तुम्ही हसला नाहीत. नंतर सवितेनं सांगितलं की लहानपणी लासलगावला तुमच्या मामांकडे तसला रेडिओ होता, आणि तुम्हाला तो उंबऱ्यातून बघावा लागायचा, हात लावायची परवानगी नव्हती. हे कळण्याआधीच मी बैठकीत छाती फुगवून बोलून बसलो होतो, ‘एक काय, दोन देतो!’ आणि दिला. रुखवतात करंज्यांच्या आणि अनारशांच्या मधोमध मांडून, मांडववाल्याकडून वायर घेऊन, चालू करून दिला. अख्खं वऱ्हाड त्या डोळ्याभोवती. तुम्ही वाकून बघितलंत, बराच वेळ बघितलंत, आणि म्हणालात, ‘व्याहीबुवा, याच्या डोळ्यात कुसळ हाये.’

मीही वाकलो. खरंच, हिरव्या उजेडात खालच्या बाजूला एक बारीक काळी रेघ होती, दोऱ्यासारखी. मी काही बोलणार तेवढ्यात गळ्यात टेप अडकवलेले नजीरभाई पुढे आले. (किशोररावांच्या पँटीची दुमड ऐनवेळी कमी करायला त्यांना मांडवात बोलावलं होतं.) त्यांनी डोळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग तुम्हाला म्हणाले, ‘बाई, असली माल है. नकली में ये धागा नहीं आता. यही तो पहचान है.’ झालं. तुमचं समाधान झालं, आणि पुढे तीन-चार वर्षं निफाड-विंचूरकडची गिऱ्हाइकं माझ्या दुकानात येऊन रेडिओच्या डोळ्यात कुसळ आहे का, ते आधी विचारायची.

असो. पत्र लांबलं. डोळा मिळाला नाही, पंचवीस तारीख जवळ आली, आणि मी दारू प्यालेलो नव्हतो, हे तीन मुद्दे ध्यानात ठेवावेत. किशोररावांना आशीर्वाद. लंकाबाईंना नमस्कार, त्यांची नजर या वयातही चांगली आहे.

आपला, उंबऱ्याबाहेर उभा असलेला,
हिरामण बोरस्ते

ता. क. सविताची आई बाजरीच्या खारोड्या पाठवत आहे. खोकला असेपर्यंत तुम्ही खाऊ नयेत, असा तिचा निरोप आहे. खाल्ल्यात तर तिला सांगू नये, असा माझा.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार होतो, पण मग सगळी लिखापढी वाया जाईल. विहीणबाई, नजीरभाईंच्या रेडिओला चालेल असा ओरिजनल डोळा या जिल्ह्यात आता एकच उरलाय, आणि तो तुमच्या घरी कोनाड्यात, क्रोशाच्या विणलेल्या रुमालाखाली आहे. आंदणात दिलेलं मुलीच्या बापानं परत मागायचं नसतं, हे मला कळतं. मुलीच्या सासरचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या बापाचा मी मुलगा. म्हणून तर गल्लीच्या तोंडातून माघारी फिरलो. पण मागतो. तुम्ही तो रेडिओ दसऱ्याला हळदकुंकू लावून अर्धा तास चालवता आणि झाकून ठेवता, असं सविता सांगते. म्हणजे डोळा धड असणार, कारण हे डोळे बघून बघून विझतात. बदल्यात रशियाचा देईन, पाय वाकवून देईन, आणि तोही नको असेल तर चार छिद्रांचं उत्तम हिरवं बटण आहे. (हे शेवटचं गमतीनं लिहिलं. रागावू नका.)

तिसरा ता. क. आता लिहितोच. हा भाग सवितेला कळू देऊ नका. तो डोळा नजीरभाईंचाच आहे. बैठकीत शब्द दिल्यावर मला पेटी चांगली मिळाली, पण तिचा डोळा विझलेला होता, आणि बाजारात त्याही वेळी मिळेना. लग्नाच्या बारा दिवस आधी नजीरभाईंनी त्यांचा रेडिओ माझ्याकडे टाकला, नुसती डायलची दोरी तुटली म्हणून. मी त्याचा डोळा काढला, तुमच्या रेडिओत बसवला, आणि त्यांना सांगितलं, ‘नजीरभाई, डोळा गेला. दिवाच आहे, जातो.’ महिन्याभरात दुसरा मिळवून गुपचूप बसवू, असा हिशेब होता. ते म्हणाले, ‘गया तो गया. लग्नाचं घर आहे, तू मनाला लावून घेऊ नको.’ तुम्हाला दिसलेलं कुसळ म्हणजे त्यांच्या कात्रीच्या टोकाचा ओरखडा. एकदा खुंटीवरून कात्री पडली होती. रेघ मुळात वरच्या बाजूला होती, ती दिसू नये म्हणून मी डोळा उलटा फिरवून बसवला. तरी तुम्हाला दिसलीच. आयुष्यात बाकी काही चोरलं नाही. (भिंतीच्या भोकातून आलेला एक अडकित्ता सोडून.)

चौथा ता. क., शुक्रवार सकाळ. काल पाकीट टाकायचं राहिलं, आणि आज नजीरभाई आले. त्यांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी हे सगळं पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. लंकाबाईंच्या मजकुराला ते इतके हसले की पाणी द्यावं लागलं. तिसरा ता. क. वाचताना मी मान वर केली नाही. संपल्यावर ते म्हणाले, ‘झालं वाचून? अरे, माझ्या कात्रीची खूण मी ओळखणार नाही? रुखवतातच ओळखली. उलटी लगायी थी, वो भी देखा.’ मी म्हणालो, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, ‘लड़की की शादी थी ना, पागल.’ मी म्हणालो, आणि मग दर ईदेला कशाला विचारत होता, छत्तीस वर्षं? तर म्हणतात, ‘तुझं तोंड बघायला. ईद को थोड़ा हँसना चाहिए.’

विहीणबाई, मी त्यांना काठीनं मारणार होतो, पण काठी त्यांची होती.

मग त्यांनी मला डोळा परत मागण्याचा तो दुसरा ता. क. खोडायला सांगितला. म्हणाले, दिलेलं आंदण मागतोस, शरम नाही का? माझा रेडिओ बटण लावून भिवंडीला जाईल, आता त्याला सवय झाली आहे. बाईंना एवढंच विचार, अभी भी जलती है क्या? म्हणून वर काय लिहिलंय ते विसरा. (खोडलं नाही, कारण कागदाच्या मागच्या बाजूला चांगला मजकूर आहे.) रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं येतो. या वेळी गल्लीच्या तोंडातून माघारी फिरणार नाही, नजीरभाई फिरू देणार नाहीत. लंकाबाईंना आधीच सांगून ठेवा, दोन म्हातारे एकमेकांना धरून येताना दिसतील ते गुडघ्यांमुळे. आम्ही तुळशीपाशी दिसलो की रेडिओ लावा, तापायला मिनिटभर घेईल, मुंबई केंद्रावर काटा ठेवा. नजीरभाईंना पाच मिनिटं त्याच्यासमोर बसू द्या, एवढंच मागणं. बाकी काही काढून न्यायचं नाही. फक्त तो डोळा छत्तीस वर्षं उलटा बसलाय, तेवढा मी सरळ करून देतो. पेचकस घेऊन येतोय.